पत्ता बदलून पुढे पाठवलेलं पत्र

माझ्या भाचीच्या मोबाइलमध्ये सध्या दोन नोकऱ्या आहेत आणि तिसरीची ती वाट बघते आहे. एकीने सोमवारपर्यंत कळवा म्हटलंय, दुसरीने बुधवारपर्यंत, आणि जी मनापासून हवी आहे ती ढिम्म. दर पाच मिनिटांनी ही पोरगी फोन पालथा घालते आणि लगेच उलटून बघते. मावशी, तुझ्या वेळी असलं काही होतं का गं, असं काल विचारत होती. होतं तर, म्हटलं. फक्त त्याला पोस्टाचं तिकीट लागायचं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि काच फुंकायला शिकत होते. फुलदाण्या नव्हेत, प्रयोगशाळेतली काच: चंबू, वळणावळणाच्या नळ्या, एका नळीच्या पोटात दुसरी नळी. गाव सोडून वसतिगृहात राहायचं, दिवसभर बर्नरपुढे बसायचं, संध्याकाळी भुवया जाग्यावर आहेत ना ते आरशात बघायचं. इतकी सुखी मी नंतर क्वचितच झाले. त्या खोलीतला गॅसचा सूं आवाज अजून कानात आहे, आणि आठवला की बरं वाटतं.

शेवटच्या वर्षी मी दोन ठिकाणी अर्ज केले. एक थर्मामीटरचा कारखाना, जिथे एकाच मापाची नळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत करायची. दुसरी विद्यापीठाची काचशाळा. तिथे शास्त्रज्ञ मंडळी चुरगळलेल्या कागदावर काहीतरी रेघोट्या काढून आणत आणि तिथले म्हातारे कारागीर त्यातून कोणी कधी न पाहिलेली वस्तू करून देत. मुलाखतीला त्यांच्यातल्याच एका कारागिरांनी मला एक तडकलेली नळी जोडायला दिली. मी जोडली. त्यांनी ती उजेडात धरली आणि "हं" म्हणाले. त्या एका "हं"वर मी महिनाभर तरंगत होते.

आणि मग एका सोमवारी कारखान्याचे मॅनेजर स्वतः आमच्या संस्थेत आले. मला निवडलं होतं. मी आठवड्याची मुदत मागितली. त्यांनी छताकडे बघितलं आणि शुक्रवारी चार वाजता सही करा म्हणाले, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावतो. दोन वर्षांचा बाँड होता.

मंगळवारी मी विद्यापीठाला फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर रवाना झालंय, निकाल फोनवर सांगायची पद्धत नाही. लगेच घरी लावला, म्हणजे शेजारच्या काकूंकडे. काकूंनी बाबांना बोलावलं.

बाबा नुकतेच पोस्टातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी पत्रांची वर्गवारी केली. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच. आईला तिच्या माहेरून आलेलं पत्रसुद्धा ते बंदच द्यायचे आणि ती वाचत असताना खिडकीबाहेर बघत बसायचे.

पत्र कालच आलं, असं त्यांनी सांगितलं, आणि मोठ्या समाधानाने पुढे म्हणाले, कालच तुझ्या वसतिगृहाचा पत्ता घालून पुढे पाठवलं, गुरुवारी दुपारच्या वाटपात तुझ्या हातात पडेल.

"बाबा, उघडून वाचायचं ना. मला फक्त हो की नाही एवढंच हवं होतं."

"तुझ्या नावाचं पत्र मी कसं उघडणार?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

गुरुवारी पत्र आलं नाही. शुक्रवारी मी वसतिगृहाच्या फाटकात पोस्टमनची वाट अडवून उभी राहिले. त्याने सगळा गठ्ठा माझ्यासमोर चाळून दाखवला, बिचाऱ्याने. हातची नोकरी सोडावी तर घरी काय सांगू, आणि धरावी तर ते "हं" कायमचं गेलं. चार वाजता मी सही केली.

शनिवारी सकाळी पत्र आलं. जुन्या पत्त्यावर बाबांनी पट्टी लावून एकच रेघ मारली होती, खालचं अक्षर वाचता यावं अशी, आणि शेजारी मोत्यासारख्या अक्षरात नवा पत्ता. मधल्या कुठल्याशा गावी टपालाची पिशवी दोन दिवस पडून राहिली होती, ते शिक्क्यावरून कळत होतं. विद्यापीठाने मला घेतलं होतं. उत्तराला पंधरा दिवस दिले होते.

सोमवारी मी मॅनेजरांकडे गेले. त्यांनी यादीतल्या मुलाला नकार कळवून टाकला होता. आता तुम्हीही नाही म्हणता का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. मी कामावर कधी रुजू व्हायचं ते विचारून परत आले.

बाबांना मी फोनवर सांगितलं, नकार आला. खरं सांगितलं असतं तर हा माणूस जन्मभर स्वतःला खात बसला असता. ते "बरं, जेवणखाण नीट कर" म्हणाले आणि फोन ठेवला.

बाँड संपला तोवर विद्यापीठातली जागा भरली होती; कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. वाईट गेली असं नाही म्हणणार, माणसं चांगली होती, शेवटी विभागही माझ्याच हाताखाली होता. पण एकसारख्या नळ्यांचा ट्रे पुढे आला की कधी कधी बोटं शिवशिवायची.

बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दुपारी मी त्यांची नखं कापत होते. ते मध्येच म्हणाले, "ते पत्र जाड होतं."

कुठलं ते मला कळलं होतं, तरी विचारलं.

"विद्यापीठाचं. नकाराला एक कागद पुरतो. त्यात चार तरी होते. हातात घेतलं तेव्हाच कळलं."

"मग फोनवर बोलला का नाहीत?"

"अंदाज तो. अंदाजावर तुझी हातातली नोकरी घालवू? आणि गुरुवारी पोचणार याची मला खात्री होती." मग म्हणाले, "तू नकार आला म्हणालीस तेव्हा समजलो, उशिरा पोचलं."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं?"

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस. ते मी कशाला मोडू?"

दोन नखं राहिली होती, पण मला समोरचं काही दिसेना. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"राहू दे," म्हणाले, "घाई नाही."