कवचाची रेघ

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकापाशी, चादरी वाळत घालायच्या जागेत, सकाळपासून रांग लागली होती. बाहेरचे लोक थोडे. नर्सबाई, आया, स्ट्रेचर ओढणारे, असे हॉस्पिटलचेच फार. टेबलामागे कवचबाबा. जिभेवर थेंब सोडायचे, डोळे मिटायला लावायचे, मग बोटाला सुई टोचून रक्त चाचणीच्या पट्टीवर. थोड्या वेळाने पट्टीवर दोन रेघा.

"पहिली रेघ देवाची," बाबा पट्टी उंच धरून सांगायचे, "दुसरी आपल्या कवचाची. आता कोरोना समोर आला तर शिंका त्यालाच येतील."

एक रेघ उमटली तर "श्रद्धा कमी पडली" म्हणून त्या माणसाला मागे पाठवायचे.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली डॉक्टर खिडकीतून बघत होती. रांगेत तिला धाकटी बहीण दिसली. बहीण तापाच्या वॉर्डात नर्स. म्हाताऱ्या वडिलांना, अण्णांना, लागण नको म्हणून ती कित्येक महिने घरी न जाता क्वार्टर्समध्येच राहत होती.

डॉक्टरने तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

"मागे तुझी चव गेली होती, अंग मोडून आलं होतं. आठवतं?"

"दमले होते गं ताई."

"तो कोरोनाच होता. शरीर त्याच्याशी झुंजलं, त्याची खूण रक्तात राहिली. अँटीबॉडी म्हणतात तिला. पट्टीवर तीच दिसते. थेंबांचा काही संबंध नाही. आणि पहिली रेघ पट्टी चालते एवढंच सांगते."

"म्हणजे मला कवच आहेच की."

"थोडंफार, तेही काही काळ. ओसरत जातं. पुन्हा लागण होऊ शकते, तुझ्याकडून दुसऱ्यालाही."

बहिणीच्या नाकावर मास्कचा वळ पडला होता. तो चोळत ती म्हणाली, "रोज माणसं हातातून जातात. एक गोष्ट तरी धरून राहू दे मला."

डॉक्टरने विषय तिथेच सोडला. त्याच आठवड्यात बहीण घरी राहून आली, मास्क न लावता. अण्णांसाठी थेंबांची बाटली घेऊन गेली होती. हे डॉक्टरला फार उशिरा कळलं.

दरम्यान डॉक्टर स्वतःच्या पट्ट्या घेऊन रांगेत उतरली. "थेंब घ्यायच्या आधी तपासू," ती म्हणाली. तापाच्या वॉर्डातल्या बहुतेकांच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. थेंब अजून बाटलीतच होते.

बाबा जराही गडबडले नाहीत. "माझ्या सावलीत उभे राहिलात, तेव्हाच कवच चढलं."

लोकांनी माना डोलावल्या. मग डॉक्टरने सांगितलं, की तपासणीसाठी कर्मचाऱ्यांचं रक्त पूर्वीच घेतलेलं होतं, फ्रीझरमध्ये ठेवलेलं. ज्यांनी होकार दिला त्यांचं तिने काढून पाहिलं. त्यातही दोन रेघा.

"तेव्हा बाबा या गावात नव्हते. त्यांची सावलीही नव्हती. ज्यांना दुसरी रेघ नव्हती, ती बिचारी लागण न झालेली माणसं. त्यांना श्रद्धा नाही म्हणून हाकललं."

एका आयाबाईने विचारलं, "मग तुमच्याकडे काय आहे, डॉक्टरबाई?"

"मास्क. उघड्या खिडक्या. लस अजून आलेली नाही."

आयाबाईने मान हलवली आणि ती पुन्हा रांगेत उभी राहिली.

काही दिवसांनी बहिणीने अण्णांना हॉस्पिटलात आणलं. ताप, धाप. "बाटली संपवली त्यांनी," ती म्हणाली. डॉक्टरने पट्टीवर त्यांचं रक्त घेतलं. दोघी बघत बसल्या. एकच रेघ उमटली. अँटीबॉडी यायला दिवस लागतात; अण्णांच्या शरीराला अजून लढायची सवडच मिळाली नव्हती.

"माझ्याकडूनच लागण झाली ना त्यांना?" बहिणीने विचारलं.

डॉक्टरने तिचा हात धरला. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

अण्णा गेले. बाबांनी टेबल उचललं आणि पुढच्या गावातल्या हॉस्पिटलपाशी मांडलं. बहीण तिथे गेली आणि रांगेतल्या प्रत्येकाशी बोलली. एक पोरसवदा नर्स तेवढी रांग सोडून निघाली. बाकीचे बहिणीकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. तरी ती बोलतच होती:

"पट्टीवर दिसतं ते खोटं नाही. खोटं आहे ते त्याचं सांगितलेलं कारण. थेंबांनंतर काय झालं एवढंच बघू नका. थेंबांच्या आधी काय होतं, ते विचारा. मी विचारलं नाही."