पुन्हा पाठव

दिवाकरजींचा धंदा कारखान्यांना लाकडी खोकी पुरवायचा. गोरखपूरच्या बाजारात त्यांचं ऑफिस होतं. प्लायवुडच्या भिंतीआड त्यांची केबिन, बाहेर दोन कॉम्प्युटर आणि एकच प्रिंटर. प्रिंटरची तार भानुमतीच्या कॉम्प्युटरला होती. नव्या विनताचं काम नेटवर्कनं भानुमतीकडे यायचं आणि मग कागदावर उतरायचं.

"दिवाळीनंतर एकच ऑपरेटर ठेवीन," दिवाकरजींनी सांगून टाकलं होतं. भानुमती टाइपरायटरच्या काळापासून तिथे होती. विनताची बोटं दुप्पट चालतात, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं.

छापायला आलेलं प्रत्येक काम भानुमतीच्या पडद्यावर एका ओळीत दिसे. एकदा तिनं सहज विनताच्या ओळीवर 'कॅन्सल' दाबलं. ओळ गेली. पलीकडे पत्ताही लागला नाही. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

मग टेंडरचा दिवस आला. विनतानं टाइप केलेले कागद तीनच्या आत पोचायला हवे होते.

"ताई, निघालं का?"

"कुठं निघालं? पुन्हा पाठव."

विनता पाठवत राहिली, भानुमती पुसत राहिली.

"फ्लॉपीवर आणू?"

"अन् व्हायरस कोण काढेल, तुझा बाप? काहून घाबरून राहिली इतकी? तार नीट पहा."

पोरगी टेबलाखाली शिरली. दिवाकरजी बाहेर आले तेव्हा त्यांना फक्त तिचे तळपाय दिसले.

"ये क्या तमाशा है?"

भानुमतीनं बसल्या जागेवरून विनताचं शेअर केलेलं फोल्डर उघडलं, फाइल घेतली आणि छापली. पानं भराभर पडू लागली.

"माझ्याकडून तर निघते, भैया. हिलाच जमत नाही."

विनताला दिवाळीपर्यंतही थांबावं लागलं नाही.

'रोजचं नाटक नको' म्हणून दिवाकरजींनी प्रिंटर केबिनमध्ये आपल्याच कॉम्प्युटरला लावून घेतला. दुसऱ्या दिवशी आतून हाक आली.

"भानुमतीताई, इथून तर कोणाचंही काम पुसता येते!"

"अच्छा? मला नव्हतं माहीत."

ते दारातून डोकावून तिच्याकडे बघत राहिले, मग हसले. विनताचं नाव त्यांनी काढलं नाही.

"चलो, बिलं पाठवा."

तिनं पाठवली. आतून प्रिंटरचा आवाज आला नाही.

"भैया, निघाली का?"

"कुठं निघाली? पुन्हा पाठवा."

तिनं पुन्हा पाठवली, आणि पुन्हा. प्लायवुडच्या पलीकडे बिस्किट मोडल्याचा आवाज आला.

"तार नीट पहा, ताई."

तार ठीक होती. पण 'माहीत नव्हतं' असं ती म्हणून बसली होती. साडी सावरत भानुमती टेबलाखाली शिरली.