शेवटच्या पट्टीतली खरखर

"हे धूड आता भंगारात!" भाच्याने भर तालमीत सुनावलं, तरी आत्या स्टुलावरून हलली नाही.

नाटकातली सगळीच मंडळी तिला आत्या म्हणत. सख्खा भाचा मात्र एकच, आणि नेमका तोच दिग्दर्शक. धूड म्हणजे तिचा जुना सॅम्पलर. दिसायला साधा कीबोर्ड, पण एकेका पट्टीत एकेक खरा आवाज भरलेला. ही दाबली की दार आपटतं, ती दाबली की कुत्रं भुंकतं. पोट मात्र लहान, एका अंकाचेच आवाज मावायचे. म्हणून अंक संपला की अंधारात फ्लॉपी बदलायची आणि खर्र-खर्र ऐकत बसायचं. त्या दिवशी फ्लॉपीच अडकली. नायक तावातावाने घर सोडून गेला आणि दार काही आपटलंच नाही.

"रंगीत तालमीला लॅपटॉपवाला बोलावलाय," भाचा म्हणाला. "तू आता आराम कर, आत्या."

"आराम तुझ्या बापाला सांग. माझ्या भावाला लहानपणापासून त्याची फार आवड! त्या दिवशी मीच वाजवणार. एक आवाज चुकला, तर तुझ्या लॅपटॉपला हे स्टूल मी स्वतः पुसून देईन."

बोलून तर बसली, पण हरली तर? घरी बसून काय करणार होती ती? नायक जितका चिडेल तितकं दार जोरात आपटायचं, तो रडवेला झाला तर हळूच लावायचं, हे तिचं बोट जाणत होतं. ते सोडून द्यायचं म्हणजे जिवंतपणी खुंटीला टांगून घेणं. छट्!

कपडेपटाच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर तिने सॅम्पलर उताणा पाडला. फ्लॉपी फिरवणारा रबरी पट्टा डिंकासारखा चिकट झालेला. तो ड्राइव्ह काढून तिथे पेन ड्राइव्हवर चालणारा नवा बसवायचा होता. काढण्याआधी तिने जुन्याला शेवटचं एकदा चालवलं आणि त्याची खरखर मोबाइलवर टिपून घेतली. मेल्याने जन्मभर सोबत केली होती. "तिसऱ्या रांगेपर्यंत दात खाल्ल्यासारखं ऐकू येतं," म्हणून भाचा कायम करवादायचा, तरी जुने आवाज पेन ड्राइव्हवर उतरवताना तिने तोही सगळ्या अंकांत अगदी शेवटच्या पट्टीवर भरून ठेवला. म्हणाली, असू दे, कुणाचं काय जातंय?

फुगलेले कपॅसिटर बदलले, पट्ट्यांखालची धूळ पुसली, नवा ड्राइव्ह जोडला. बटण दाबलं, तर त्याचा दिवा लागला तो विझेचना, आणि आवाज एकही नाही. दाराशी भाचा उभाच. "झालं समाधान?"

"हो बाहेर आधी!" ती खेकसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला कशाला दाखवायचं? मग तिच्या लक्षात आलं. घाईत चपटी वायर उलटी खोचली होती. ती फिरवून बसवली आणि कुत्रं असं भुंकलं, की भाचा दचकून दोन पावलं मागे सरला.

रंगीत तालमीला लॅपटॉपवाला पहिल्या रांगेत तयारीनिशी बसला होता. पहिला अंक झकास झाला. अंधार झाला. आत्याने बटण दाबलं आणि दुसऱ्या अंकाचे आवाज चुटकीसरशी भरले गेले, चूं की चां नाही. पण रंगमंचावर कुणी येईना! अंधार लांबत चालला.

"काय गोंधळ आहे?" भाचा ओरडला. "अरे, बघता काय, लॅपटॉप लावा!"

तेवढ्यात विंगेतून नायक कुजबुजला, "आत्या, अजून भरलं नाही का गं? खरखर कुठाय?"

आत्याने कपाळावर हात मारला. म्हणजे एवढी वर्षं ही सगळी मंडळी त्या खरखरीच्या भरवशावर अंधारात जागा घेत होती! तिला पत्ता नव्हता, त्यांनाही आजच कळत होतं. तिने शेवटची पट्टी दाबली. खर्र... खर्र... खर्र... पावलं वाजली, खुर्ची सरकली, शेवटचं पाऊल थांबलेलं ऐकून तिने बोट उचललं आणि दिवे आले. जो तो आपापल्या जागी.

तालीम संपल्यावर भाचा स्टुलाजवळ आला. मान खाली. "आत्या, तो आवाज लॅपटॉपवर घेता येईल का?"

"येईल की. घेऊन जा."

लॅपटॉपवाल्याने विचारलं, "पण वाजवायचा किती वेळ?"

"सगळे जागेवर पोचेपर्यंत," आत्या म्हणाली.

"अंधारात ते कळणार कसं?"

आत्या स्टूल पुढे ओढून त्यावर ठाण मांडून बसली आणि भाच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही निघा आता," भाचा लॅपटॉपवाल्याला म्हणाला.