शुक्रवारचं अत्तर

नत्थुजींनी डबा उघडला आणि खोलीभर खसाचं अत्तर दरवळलं. टेपचं रीळ उचललं, तर बोटांना तेलकट लागलं.

"भाभी, याले अत्तर कोणं लावलं?"

"मीच. दर शुक्रवारी," आयशाबी कौतुकानं म्हणाल्या. "यांची कबर पडली मुंबईत. तिथं कोण लावते? म्हणून इथंच."

'यांची' म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, बद्रुद्दीनची. अकोल्यात वराती वाजवता वाजवता तो मुंबईला गेला आणि एका मोठ्या जाझ बँडात ट्रम्पेट वाजवू लागला. तो बँड रेडिओवर वाजला, तेव्हाची ही एकुलती एक टेप. ती वाजवायचं यंत्र घरातून केव्हाच गेलं होतं. अमरावतीच्या नत्थुजींकडं जुनी कीर्तनं ऐकायचं स्पूलचं यंत्र अजून चालतं, असं कळल्यावर मुलगा तौहीद आईला घेऊन आला होता.

नत्थुजींनी बोटाला लागलेला तपकिरी थर तौहीदला हळूच दाखवला.

"अत्तरानं टेप सोलून निघून राहिली, बेटा. वाजली तर एकडाव. मंग नाही."

"लावा, काका. अम्मीचं तरी पुन्हा कुठं येणं होते?" तौहीदनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून यंत्रासमोर ठेवला.

नत्थुजींनी सवयीनं यंत्राला हात जोडले. "आजवर या मशीननं कीर्तनच ऐकवलं, भाभी. इंग्रजी बाजे पयल्यांदा."

"मंग सुधरून जाईन बिचारी!"

तिघंही हसले.

आधी खरखर, मग निवेदकाचा आवाज, आणि मग सगळा बँड एकदम उसळला. गजर टिपेला गेल्यावर टाळ-मृदंग उसळतात तसा. आयशाबींचं बोट गुडघ्यावर ठेका धरू लागलं. यंत्राखाली तपकिरी भुकटी साचत होती. नत्थुजींचा हात बटणापर्यंत गेला आणि मागं आला. रंगलेलं कीर्तन मध्येच कसं मोडायचं?

"ऐका आता," आयशाबी कुजबुजल्या. "सगळे चूप होतात. मंग हे एकलेच."

सगळे चूप झाले.

रीळ फिरत राहिलं. टेप आता पार कोरी होऊन पुढं सरकत होती. तौहीदनं नत्थुजींकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. आयशाबींचं बोट हवेतच थांबलं होतं. शेवटी टेपचं टोक सुटून फटफट वाजू लागलं, तेव्हा बोट खाली आलं.

"आले नाहीत," त्या म्हणाल्या. "काहून, भाऊ?"

उत्तर नत्थुजींच्या बोटांवर दरवळत होतं.

"जुनी झाली, भाभी."

"मी त किती जपली होती."

त्यांनी पिशवीतून अत्तराची कुपी काढली. आज शुक्रवारच होता.

"अम्मी, नको..." तौहीद पुढं झाला.

नत्थुजींनी त्याला नजरेनंच थांबवलं. रीळ काढून दोन्ही हातांनी आयशाबींपुढं धरलं. त्यांचं लावून झालं, तेव्हा कीर्तनाला बसल्यावर अत्तर लावून घ्यायला करतात तशी आपल्या हाताची पाठही पुढं केली.