दोन मेंढ्यांची काच

जुमगलबेकने दोन मेंढ्या विकून कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवायची एक काच आणली, ही बातमी बालिक्ची गावात वाऱ्याच्याही आधी पोचली. आणि बालिक्चीचा वारा काय चीज आहे, हे तळ्याकडून येणारी वाळू ज्याने दाताखाली चावलीय त्यालाच विचारावं.

पहिली आली शेजारची अनारकान. नवी वस्तू बघायला रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून फडक्यात बोर्सोक बांधून आली. तळलेल्या पिठाचे ते गरमगरम तुकडे टेबलावर ठेवून तिने काच उजेडाकडे धरली.

"यातून तर पलीकडचं दिसतंय!"

"दिसायलाच हवं, एजे," जुमगलबेक म्हणाला. थोरल्या बाईला इथे एजे म्हणतात.

"मग बघायचं काय? पलीकडचं दिसायला माझ्या खिडकीला काच आहे की. फुकटातली. घे, बोर्सोक खा. रीत ती रीत. पण खरं सांगू का, त्या मेंढ्या बघायला बऱ्या होत्या."

दुसरा आला किदिर. हा लग्नांचे फोटो काढायचा, वयाने लहान आणि तोंडाने मोठा. जुमगलबेकचं स्टेशनजवळ एका खोलीचं फोटोचं दुकान, तिथे तो दुपारी चहाला हटकून टपकायचा आणि त्याला मानाने बायके, म्हणजे दादा, म्हणायचा.

"बायके, नाकापेक्षा मोती जड झाला हो! पासपोर्टचे फोटो काढणार आणि वर ही जर्मन काच? ही बघा माझी. बाजारातली. एका जेवणाच्या पैशात आली. काय फरक आहे?"

"तुझ्या काचेतून फोटो पिवळा येतो. कडेला धुरकट होतो."

"दिसतं कुणाला?"

खरं होतं. दहातल्या नऊ फोटोंत ते कुणाला दिसत नाही, जुमगलबेकलाही दिसलं नसतं. इतकी वर्षं त्याने स्वतःच असल्या महागड्या काचा घेणाऱ्यांची टिंगल केली होती. पण त्याला ती हवी होती त्या दहाव्या फोटोसाठी, आणि तो दहावा फोटो होता जिबेकचा.

जिबेक त्याची नात. म्हणजे बाहेरच्यांसाठी नात. पोरगी अंगावर पीत होती तेव्हा मुलगी एलनुरा नवऱ्याशी फारकत घेऊन घरी आली, आणि मग कामासाठी मॉस्कोला गेली. जुमगलबेकने आणि त्याच्या बायकोने पोर आपल्या ओटीत घेतली. पहिलं नातवंड आजीआजोबांनी आपलं म्हणून वाढवायचं, हे इथे कुणाला नवं नाही. त्यामुळे जिबेक त्याला अताके म्हणायची, बापाला म्हणतात तसं, आणि खऱ्या आईला नुसतं एलनुरा. बायको दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. मग घरात उरले हे दोघे, एक म्हातारा आणि एक शेंबडी, आणि दोघांचं छान चाललं होतं.

आता एलनुराला मॉस्कोत बरी नोकरी आणि स्वतःची खोली मिळाली होती. पोरीला शाळेत घालायला ती घेऊन जाणार होती. जुमगलबेकने फोनवर "हो, बरोबर आहे," म्हटलं. बरोबर होतंच. म्हणून तर त्याला भांडताही येईना.

घरात जिबेकचे फोटो पुष्कळ होते. पण त्याला निघतानाचा हवा होता, गाडीच्या खिडकीतला. कारण एलनुरा गेली तेव्हाचा फसला होता. गाडीच्या काचेवर रस्त्याकडेची पॉपलरची झाडं आणि आभाळ असं काही चकाकलं होतं, की एलनुराच्या जागी फक्त एक पांढुरका हात आला. तो फोटो बघून जिबेक विचारायची, "एलनुरा कुठाय?" आणि जुमगलबेक सांगायचा, "त्या पॉपलरच्या मागं." पोरीने आपली आई कैक वर्षं पॉपलरच्या मागे शोधली. तसं पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. ही नवी काच कड्यात फिरवली की समोरच्या काचेवरची चकाकी घालवते, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं.

त्याने सराव केला. किदिरच्या गाडीत जिबेकला बसवलं, हातात सूर्यफुलाच्या बिया दिल्या, आणि स्वतः खिडकीसमोर उभा राहिला. कडं फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काचेवर आभाळ तसंच, झाडं तशीच, आणि मधोमध टोपी घातलेला तो स्वतः.

किदिर बॉनेटवर बसून खिदळत होता. "मेंढ्यांचा आवाज येतोय का बघा त्यातून!"

"तोंड बंद कर."

चिडून जुमगलबेक चार पावलं बाजूला गेला आणि तिरकं बघत कडं फिरवलं. खिडकीवरचं आभाळ हळूहळू विझलं. झाडं विरली. आत जिबेक बसली होती, ओठाला चिकटलेल्या टरफलासकट, जणू मध्ये काच नव्हतीच. किदिरने स्वतःची स्वस्तातली काच लावून पाहिली. तिनेही चकाकी घालवली, पण चेहरा काविळीचा झाला. किदिरने ती न खिदळता काढून खिशात टाकली. त्याच्या बाबतीत हे फार होतं.

तेव्हा जुमगलबेकच्या ध्यानात आलं की मागच्या वेळी चूक काचेची नव्हती, उभं राहण्याच्या जागेची होती. समोरासमोर उभं राहिलं की कुठलीच काच उपयोगाची नाही, मग ती दोन मेंढ्यांची असो की अख्ख्या कळपाची. बाजूला व्हावं लागतं. हे त्याने मनात पक्कं केलं.

एलनुरा आली. नवा कोट, केस कापलेले. आठवडाभर राहिली. जिबेक तिच्याशी पाहुण्यांशी वागतात तसं नीट वागली, तिला आधी चहा दिला, बसायला दाराजवळ नव्हे तर वरची, मानाची जागा दिली. एलनुरा स्वयंपाकघरात येऊन रडली.

"अताके, ती मला आई सोडा, ताई काकूसुद्धा म्हणत नाही. नुसतं नाव घेते."

"म्हणेल."

"तुम्ही सांगा ना तिला."

"सांगेन," तो म्हणाला, आणि त्याने सांगितलं नाही. एवढा मोठेपणा त्याच्या अंगात नव्हता.

निघायच्या सकाळी वारा सुटला होता. स्टेशनाबाहेर विमान पकडायला बिश्केकला जायची गाडी उभी होती, सोळा माणसांच्या जागी किती भरली होती देव जाणे. निघणाऱ्याने परत यावं म्हणून अनारकानने एक भाकर पुढे केली आणि जिबेकला तिचा घास घ्यायला लावला, मग मुका घ्यावा तसा पोरीच्या कपाळाचा वास घेतला. जुमगलबेकने जिबेकला उचलून आत एलनुराशेजारी ठेवलं. तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "खिडकीशी बस," तो म्हणाला, "मी बाहेर आहे." तिने मान हलवली. बोलायला तोंड उघडलं तर दोघंही फुटतील हे दोघांना ठाऊक होतं, म्हणून तो पटकन उतरला.

खिडकीवर आभाळ होतं, पॉपलर होते. जुमगलबेक घाईघाईने गाडीच्या शेपटाकडे गेला, तिरका उभा राहिला, आणि कडं फिरवलं. चकाकी विझली. आत जिबेक होती. गालावरची लव दिसत होती, खालच्या पापणीवर अडकलेलं पाणी दिसत होतं. इतका स्वच्छ चेहरा त्याने आयुष्यात टिपला नव्हता. ती सरळ समोर बघत होती. मग डावीकडे, मग पुन्हा समोर. तिचा तळहात काचेवर टेकला.

त्याने बटण दाबलं. वळेल आता इकडे, त्याला वाटलं, एक वळल्यावरचा घेऊ. कडं केसभर आणखी फिरवलं. ड्रायव्हरने दार ओढलं, गाडी हलली, आणि वाळूचा एक लोट आला तो थेट लेन्सवर. त्याने अंगाने कॅमेरा झाकला. मान वर केली तेव्हा गाडी वळणापलीकडे होती.

दुपारी किदिर दुकानात आला. जुमगलबेकने फोटो कॉम्प्युटरवर लावून ठेवला होता. किदिरने पडद्याजवळ नाक नेलं.

"बायके, माझे शब्द मागे घेतो. पापण्या मोजता येतात. पैसे वसूल झाले."

"झाले," जुमगलबेक म्हणाला.

"पण ती बघतेय कुणाकडे?"

जुमगलबेकने चहा ओतला आणि पेला त्याच्यापुढे सरकवला. किदिर गेल्यावर दुकान इतकं शांत झालं की त्याला बाहेरची वाळू काचेवर घासताना ऐकू येत होती. त्याला घरी जायचं नव्हतं. घरी दोन वाट्या आणि एक लहान उशी होती.

दुसऱ्या दिवशी मॉस्कोहून फोन आला. एलनुरा म्हणाली की प्रवास बरा झाला, पोरगी विमानात झोपली, आणि तिने फोन जिबेककडे दिला.

"अताके, तू घरी का गेलास?"

"कधी गं?"

"गाडीपाशी. तू म्हणालास मी बाहेर आहे. मी तुला हात करायला थांबले होते, तर तू नव्हतासच. एलनुरा म्हणाली, अताकेला रडू येईल म्हणून तो गेला."

जुमगलबेकच्या समोर तो चेहरा होता, पापणीवरच्या पाण्यासकट. दोन मेंढ्या देऊन त्याने आपल्या पोरीचं आपल्याला शोधणं विकत घेतलं होतं, आणि आता ते त्याला जन्मभर स्पष्ट दिसणार होतं.

"गेलो नव्हतो गं," तो म्हणाला. "तिथंच होतो. जरा बाजूला."

"बाजूला कशाला?"

लेन्स, कडं, चकाकी, तिरकं उभं राहणं, सगळं सांगता आलं असतं. त्याऐवजी त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"समोर उभा राहिला असतास तर दिसला असतास," जिबेक म्हणाली, आणि तिने फोन आईकडे दिला.