मुम्मोचं पार्सल

मुलांनो, जरा डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता अशी कल्पना करा की तुम्ही एका अनोळखी देशात राहायला गेला आहात. तिथल्या दुकानांच्या पाट्या तुम्हाला वाचता येत नाहीत. नळ उघडला तर कधी पाणी येतं, कधी नुसता खर्र असा आवाज. तुमची आई कामावर गेली आहे. दाराची घंटा वाजते, आणि बाहेरचा माणूस काय म्हणतो ते तुम्हाला कळत नाही. मान हलवावी तर होकाराची हलवावी की नकाराची, तेही कळत नाही.

कुठला असेल बरं हा देश? उघडा डोळे. हे आपलं गिरगाव आहे. त्या घरात बसलेली मुलगी मात्र आपल्याकडची नाही. तिचं नाव हेल्मी. ती आली फिनलंडहून. तिची आई कात्री ही भुयारी रेल्वेतले मोठाले पंखे तपासणारी इंजिनियर. कंपनीने त्यांना टॉवरमध्ये घर द्यायचं कबूल केलं होतं, पण ते तयार व्हायला वेळ होता. तोवर इथे राहा म्हणून फणसवाडीतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या दोन खोल्या घेऊन दिल्या.

आल्यापासून कात्रीचं डोकं तापलेलं. बँकेत खातं उघडायला गेली तर पत्त्याचा पुरावा मागितला. पत्त्याचा पुरावा म्हणून गॅसचं कनेक्शन घ्यायला गेली, तर तिथे बँकेचं खातं मागितलं. गाडीवाल्याला फोनवर पत्ता सांगितला की तो विचारायचा, "मॅडम, लँडमार्क बोलो." त्यांच्या इमारतीचं नाव फाटकावर कोरलेलं होतं, पण त्या नावाने ती कुणालाच ठाऊक नव्हती. अख्खी गल्ली तिला सोडावाल्याची बिल्डिंग म्हणायची. सोडावाला कोण, कुठे गेला, कुणाला माहीत नाही.

आणि ती घंटा! हेल्मीची शाळा ऑगस्टमध्ये सुरू व्हायची होती. तोवर ती दिवसभर घरी एकटी. फिनलंडमध्ये दहा वर्षांची मुलं स्वतःचं स्वतः जेवतात, स्वतः दार लावून खेळायला जातात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण आपल्याकडे? पोर एकटं आहे म्हटल्यावर अख्खा मजला कामाला लागला. शेजारच्या मनालीकाकू सकाळी घंटा वाजवून विचारायच्या, "बाळा, ठीक आहेस ना?" दुपारी पुन्हा त्या यायच्या, शिऱ्याची वाटी घेऊन. मग समोरचे कुणीतरी, मग इस्त्रीवाला, मग कुणीतरी सहज. दार बंद दिसलं की लोकांना राहवायचं नाही. या मजल्यावर दिवसा दार लावून घेतात ते कुणी आजारी असलं तर, नाहीतर घरात भांडण असलं तर.

जिन्याच्या तोंडाशी अप्पांची खोली. अप्पा मालवणचे, गिरणीतून निवृत्त होऊन खूप वर्षं झालेली. दारात लाकडी खुर्ची टाकून बसायचे. कात्री कामाला निघाली की विचारायचे, "काय मॅडम, खंय चाललात?" संध्याकाळी परतली की, "इलात? जेवलात?"

"मी कुठे जाते, काय खाते, याच्याशी यांचा काय संबंध?" कामावर कुणीतरी अर्थ सांगितल्यापासून कात्री घरात येऊन चिडायची. "तिकडे मला असं कुणी विचारलं असतं तर मी पोलिसांत गेले असते."

शेवटी तिने दोन गोष्टी केल्या. एक, दारावर कागद चिकटवला. इंग्रजी वाक्य फोनमध्ये घातलं, फोनने मराठी करून दिलं, तेच तिने अक्षर अक्षर उतरवलं: "कृपया घंटी वाजवू नका. व्यत्यय सक्त निषिद्ध आहे." दुसरी गोष्ट, मायलेकी मागच्या लोखंडी गोल जिन्याने ये-जा करू लागल्या. त्या जिन्याला गंज होता, मांजरं होती, पण प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं.

घंटा वाजायची थांबली. कात्री पहिल्यांदाच शांत झोपली. हेल्मी मात्र खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चकरा मारू लागली. कारण ती एका पार्सलची वाट पाहत होती.

ते पार्सल म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्या घरी दही लावायला विरजण असतं ना? कालच्या दह्यातलं थोडं ठेवायचं, त्यावर उद्याचं दही. हेल्मीच्या घरी तसंच आंबवण असायचं, काळ्या पावाचं. हेल्मीच्या आजीला ते तिच्या आजीकडून मिळालेलं. आजीला ती मुम्मो म्हणते. मुंबईला येताना कात्रीने त्या आंबवणाची बाटली जपून आणली होती. पण इथल्या दमट हवेत आठवड्याच्या आत त्यावर हिरवी-निळी बुरशी आली आणि सगळं टाकून द्यावं लागलं. त्या दिवशी आई बाथरूममध्ये जाऊन रडली. हेल्मीने ऐकलं होतं.

मुम्मोकडे अजून होतं की! पण मुम्मो आता घर विकून एका वृद्धनिवासात राहायला गेली होती. तिथल्या खोलीत भट्टी नव्हती. तिने उरलेलं आंबवण वाळवलं, त्याचे पापुद्रे एका कापडी पिशवीत भरले आणि हेल्मीच्या नावाने पाठवले. फोनवर म्हणाली, "सगळंच पाठवलंय गं. माझ्याकडे आता एक कणसुद्धा नाही. आता तू सांभाळ."

आणि परवा आईच्या फोनवर संदेश आला: पार्सल पोहोचवले.

कुठे पोहोचवलं? दाराशी काही नव्हतं. कात्रीने कुरियर कंपनीला फोन केला तर यंत्र बोललं. एक दाबा, दोन दाबा, पुन्हा एक दाबा. शेवटी एक माणूस बोलला. "मॅडम, सिस्टम में डिलिव्हर्ड दिखा रहा है," म्हणाला, आणि फोन कट.

"चोरलं कुणीतरी," कात्री आज सकाळी बूट घालताना म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी संध्याकाळी त्यांच्या कचेरीत जाते. तू घरातच थांब."

हेल्मी थांबली. थोडा वेळ. पुस्तक उघडलं, मिटलं. नळ उघडून पाहिला, खर्र. बाहेर गॅलरीत कुणीतरी हसलं, तशी ती दाराला कान लावून उभी राहिली. पाऊस नव्हता, वारा नव्हता, भिंतीसुद्धा घामेजल्या होत्या. या ओलीत ते वाळलेले पापुद्रे कुठेतरी पडले असतील, भिजले असतील, कुणी कचऱ्यात झाडून टाकले असतील. तिला बसवेना. तिने किल्ली गळ्यात अडकवली आणि मागच्या जिन्याने खाली उतरली.

खाली बोळात कचऱ्याचे दोन डबे होते. ती एकेका डब्यात वाकून पाहत होती, तोच मागून आवाज आला.

"ए, काय शोधतेस गं कचऱ्यात?"

मनालीकाकूंची अनुजा होती ती, क्लासवरून येत होती. पाठीवर दप्तर, हातात अर्धा खाल्लेला सामोसा. तिचं इंग्रजी शाळेतलं, हेल्मीचंही शाळेतलं. दोघींचं बरोबर जुळलं.

"माझं पार्सल हरवलंय."

"हरवलंय? मग अप्पांना विचारलंस?"

"अप्पांना का?"

अनुजाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही हेल्मीने सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. "अगं, सगळ्यांचं सगळं अप्पांकडेच असतं! दुधाच्या पिशव्या, किल्ल्या, कुरियर. कुरियरवाला कशाला जाईल आत शेवटपर्यंत? जिना चढला की पहिलं दार अप्पांचं. देतो आणि जातो. मग आपण येता-जाता घ्यायचं."

"येता-जाता?"

"हां. अप्पांच्या समोरूनच जातो ना आपण." मग अनुजाला एकदम काहीतरी आठवलं. "तुम्ही नाही जात. तुम्ही मांजरांच्या जिन्याने जाता. आई म्हणते, त्यांना आपण आवडत नाही."

हेल्मीचे कान लाल झाले. "तसं नाहीये. आईला ते प्रश्न... कुठे चाललात, जेवलात का..."

"हॅ! ते प्रश्न थोडेच आहेत!" अनुजा सामोसा तोंडात कोंबून हसली. "ते नुसतं म्हणायचं असतं. आपण म्हणायचं, 'इथेच.' दादरला गेलात तरी इथेच, दुबईला गेलात तरी इथेच. चल."

दोघी पुढच्या जिन्याने वर चढल्या. लाकडी जिना, मधोमध झिजलेला. वर अप्पा खुर्चीत बसून पंच्याने वारा घेत होते. हेल्मीला पाहून त्यांचा पंचा थांबला.  ज्या प्रश्नांपासून ती रोज पळ काढत होती, त्यांतला एकही आज आला नाही, आणि तेच तिला फार लागलं.

"अप्पा, हिचं पार्सल इलाहा काय?" अनुजाने विचारलं.

"इलाहा. परवाच इलाहा."

"मग दिलं नाहीत?"

"देऊ कसा?" अप्पांनी पंच्याने गॅलरीच्या टोकाकडे खूण केली. "दारार लिवलाहा. घंटी वाजव नको. व्यत्यय निषिद्ध. मी दोन फेरे तिथपर्यंत गेलंय. उभो रवलंय. माणसान वाजव नको म्हणून लिवल्यार आपण कसा वाजवचा? म्हटलं, जातली येतली तेव्हा देऊया." मग जरा थांबून म्हणाले, "पण जाता-येतानाय दिसणत नाय."

अनुजाने सगळं इंग्रजीत सांगितलं. सांगताना "दोन फेरे" तिने दोनदा सांगितले.

हेल्मीने गॅलरीच्या टोकाकडे, दारावरच्या त्या कागदाकडे पाहिलं. तिने एवढंच विचारलं, "ते... कोरडं आहे का?"

अप्पांना अनुजाच्या भाषांतराची गरज पडली नाही, हेल्मीचा चेहराच पुरला. ते उठले, आत गेले. मोठ्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक पुडकं बाहेर काढलं. त्यावरचे तांदूळ फुंकून उडवले.

"वरचा खोका भिजून फाटलेला. आत पिशवी दिसली. नाकाक लावली तर आंबूस वास. म्हटलं, हां, हा खाण्याचा काय तरी आसा, उंदीर सोडूचे नाय. म्हणान तांदळात पुरून ठेवलंय. तांदूळ ओल धरूक देणत नाय." ते अनुजाकडे वळले. "इचार तिका, आंबोळेचा पीठ काय गो?"

हेल्मीने पिशवी उघडली. तपकिरी पापुद्रे, कोरडे, कुरकुरीत. तिने एक हळूच मोडून पाहिला. कट् असा आवाज आला. वास घेतला, आणि मुम्मोचं स्वयंपाकघर, तिचा पिठाचा ॲप्रन, खिडकीबाहेरचा बर्फ, सगळं त्या गॅलरीत येऊन उभं राहिलं. तिला रडू आलं. पण अप्पा घाबरून उठायला लागले, म्हणून तिने पटकन डोळे पुसले.

"पाव," ती म्हणाली. तो शब्द तिला येत होता. "मुम्मो. पाव."

"आजयेचो पाव," अप्पांनी समजल्यासारखी मान डोलावली. या वेळी हेल्मीला बरोबर कळलं की तो होकार आहे.

घरी येऊन तिने कोमट पाण्यात थोडेच पापुद्रे भिजवले. बाकीचे पिशवीत ठेवून ती पिशवी अप्पांच्या तांदळात परत पाठवली, अनुजाच्या हाती. आता त्याला पीठ घालायला हवं होतं. मुम्मोचं काळं पीठ गिरगावात कुठून मिळणार? अनुजा धावत जाऊन घरून नाचणीचं घेऊन आली. "हेही काळंच आहे," ती म्हणाली. हेल्मीला खात्री नव्हती. तिने चमचाभर घातलं, ढवळलं, बरणीच्या काचेला नाक लावून बसली. काहीच झालं नाही. दुपार सरली, अनुजाला तिच्या आईने हाक मारून नेलं, तरी काही झालं नाही. हेल्मी उठायची, पाहायची, बसायची. हे जगलं नाही तर? तिने सगळे नाही घातले हे बरं केलं, पण हे जगायला तर हवं.

ऊन उतरता उतरता, पिठाच्या कडेला एक बुडबुडा आला. बारीक, टाचणीच्या डोक्याएवढा. फुटला. मग शेजारी दुसरा.

हेल्मी ताडकन उठली. बरणीचं तोंड कशानं तरी झाकायला हवं होतं. घट्ट नको, हवा लागायला हवी, पण चिलटं जायला नकोत. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग दार उघडलं, दारावरचा कागद अलगद सोडवला, त्याला टाचणीने भोकं पाडली आणि तो बरणीच्या तोंडावर दोऱ्याने बांधला. "व्यत्यय सक्त निषिद्ध आहे" ही ओळ नेमकी वर आली.

दार तिने परत लावलं नाही. ते सारखं मिटत होतं म्हणून त्याला आईचा बर्फात घालायचा जाडजूड बूट लावला, उंबऱ्यात पाट टाकला आणि बरणी मांडीवर घेऊन बसली. मनालीकाकू जाता जाता डोकावल्या, हसल्या, पुढे गेल्या. दूर खुर्चीतून अप्पांनी हात वर केला. तिनेही केला.

कात्री मागच्या जिन्याने वर आली तेव्हा दमून गेली होती. कुरियरच्या कचेरीत तिला चार खिडक्यांवर पाठवलं होतं, आणि पाचवी बंद होती. घराचं दार सताड उघडं पाहून ती धावतच आली. "हेल्मी! काय झालं? दार का उघडं आहे? कोण आलं होतं?"

हेल्मी पाटावर थोडी बाजूला सरकली. आईला बसायला जागा केली. बुडबुड्यांची बरणी तिच्या हातात दिली. आणि अप्पांच्याच सुरात, जरा अडखळत, पण पूर्ण गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने आईला विचारलं,

"खंय गेल्लंस? जेवलंस?"