छाटलेली कण्हेर

आमच्या अंगणातली तांबडी कण्हेर पणजसासू सिद्धम्मांनी लावली, आजेसासू गौरम्मांनी ती कुंपणभर वाढवली आणि सासूबाई नागम्मांनी ती माझ्या हाती सोपवली. तिघींचा दंडक एकच होता : छाटलेली फांदी खड्ड्यात पुरायची. जनावराच्या पोटात गेली, तर ते वाचत नाही. हा दंडक मी, केवळाबाईने, सुनांना दरडावून शिकवला आणि मीच तो मोडला.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात आमच्या गावात हिरवे म्हणून तेवढेच कुंपण उरले होते. मोरीचे सांडपाणी त्याला पुरत असे. निलंग्याला जाणारे लोक थांबून फुले पाहत आणि मला त्याचा ताठा होता. छाटणीच्या दिवशी गडी म्हणाला, जमिनीत कुदळ शिरत नाही.

"मग टाक भिंतीपलीकडे," मी म्हणाले.

भिंतीपलीकडून सरजाबाईची वाट जात असे. ती लोकांच्या शेळ्या राखी. तिची स्वतःची एकच होती, गाभण. चाऱ्यावाचून भुकेलेली ती शेळी त्याच फांद्यांपाशी मरून पडली.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत सरजाबाईने हळूच विचारले, "पाटलीणबाई, त्या फांद्या तुमच्या व्हत्या का?"

"शेळी राखता येत नसेल, तर पाळू नये माणसाने," मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. बाया हसल्या. आठवड्याच्या आत लोकांनी आपापल्या शेळ्या तिच्याकडून सोडवून नेल्या. ते मी ओसरीवरून पाहिले आणि गप्प राहिले.

यंदा लातुरात शिकणारी माझी नात तनुजा नव्या कुंपणासाठी कण्हेरीची कलमे करीत होती. "आजी, उरलेल्या फांद्या खड्ड्यातच का? कुणाचं काही झालं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. सत्त्याहत्तराव्या वर्षी, नातीच्या तोंडावर. तेही खोटेच.

बाजारातून गाभण शेळी आणवली आणि दोर स्वतः धरून सरजाबाईच्या दारात गेले. इतक्या वर्षांत ते दार मी पाहिले नव्हते.

"फांद्या माझ्याच होत्या," मी म्हणाले.

"ठावं हाय मला. तिच्या दाढंत पान व्हतं." तिने शेळीच्या पोटावरून हात फिरवला. "नऊ वर्सं लागली व्हय, चार घरं वलांडायला?"

मी दोर तिच्या हातात दिला.

"शेळी बांधते मी. पण पाटलीणबाई, ते बोलणं काय माझ्या दारात न्हवतं झालं."

टँकर आता येत नाही. बाया सकाळी चौकातल्या नळावर पाणी भरतात. दुसऱ्या दिवशी तनुजाला घेऊन मी तिथे गेले. मला पाहून त्यांनी घागरी बाजूला घेतल्या. मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले,

"सरजाबाईची शेळी माझ्या कण्हेरीने मेली. फांद्या मी टाकायला लावल्या. तिच्या राखणीत खोट नव्हती. मी खोटे बोलले."

सरजाबाई नळाशी घागर भरत होती. तनुजा माझ्या मागेच उभी होती. तिच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. नळ वाहत राहिला.

सरजाबाईने घागर डोक्यावर घेतली. "फिटलं," ती म्हणाली आणि घराकडे निघाली.